टायमिंग बेल्ट घरी बदलू का? आधी तारीख ठरवा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘माझ्याकडे २००९ ची आय-टेन आहे, पेट्रोल. दोन वर्षांपूर्वी बेळगावात सेकंडहँड घेतली. मीटर ८३ हजारांवर आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची कसलीच नोंद नाही, आधीच्या मालकालाही सांगता येत नाही. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर (संगणकानं चालणाऱ्या कटिंग मशीनवर) काम करतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग सगळं घरीच करतो. दिवाळीत बेल्ट आणि टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचा) सेट आणून ठेवला आहे. व्हिडिओ बघून बघून पाठ झालेत. ओळखीचे मेस्त्री मजुरीचे अडीच हजार सांगतात, कंपनीच्या वर्कशॉपला त्याहून बरेच जास्त. मामा म्हणतात, आय-टेनला चेन असते, उगाच उघडू नको. बायको म्हणते, तुम्ही इंजिन खोलून बसला तर आईंना दवाखान्यात कशानं न्यायचं? आईला पंधरा दिवसांतून एकदा बेळगावला न्यावं लागतं. सणाला चोर्ला घाटातून म्हापशाला बहिणीकडे जातो. बेल्ट स्वतः बदलू की नको? आणि त्याच्याबरोबर प्लगही बदलू काय?’

एक वाचक, जांबोटी भाग, ता. खानापूर

सप्रेम नमस्कार.

आधी मामांचं बघू, कारण मामा निम्मे बरोबर आहेत. आय-टेन दोन पेट्रोल इंजिनांत आली. १.२ लिटरच्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनाला चेन आहे, १.१ लिटरच्या इंजिनाला बेल्ट. मामांनी बहुतेक कप्पावाली गाडी बघितलेली असणार. तुमची कुठली, हे बघायला बॉनेटसुद्धा उघडायला नको. आरसी काढा आणि क्यूबिक कपॅसिटीचा रकाना बघा. १०८६ असेल तर बेल्ट, ११९७ असेल तर चेन. चेनवालं निघालं तर हे पत्र इथंच मिटवा, दिवाळीतला सेट दुकानदार परत घेतो का बघा आणि मामांना चहा पाजा. पण सेट घेताना दुकानदारानं चासी नंबर बघून दिला असेल, तर तुमची गाडी बेल्टचीच आहे असं धरून पुढं लिहितो.

बेल्ट बदलायला झालाय का, यावर तुम्ही फार लिहिलं नाही. माझ्या मते हा प्रश्नच उरलेला नाही. अशा बेल्टचं आयुष्य इंजिनाप्रमाणं बदलतं. साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या मधे कुठंतरी बदली सांगितलेली असते, आणि त्याला वर्षांचीही मुदत असते. जे आधी भरेल ते. तुमच्या गाडीचा आकडा मालकाच्या पुस्तकात छापलेला आहे. पण २००९ च्या गाडीवर नोंदच नसेल तर तो आकडा बघून काय करणार? मोजायला सुरुवात कुठनं करायची तेच माहीत नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला, टायमिंग कव्हरवर किंवा दरवाज्याच्या चौकटीवर एखादा जुना स्टिकर, मार्करनं लिहिलेला आकडा आहे का, तेवढं एकदा बघा. नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजायचं.

कव्हरचे वरचे दोन-तीन बोल्ट काढून बेल्ट बघितला, चांगला दिसला, मग राहू दे, असं करणारे पुष्कळ आहेत. करू नका. तडा दिसला, दोरे सुटलेले दिसले, तेलानं ओला दिसला, तर बेल्ट गेलेला आहे हे नक्की कळतं. पण चांगला दिसला म्हणून चांगला आहे, हे काही कळत नाही. ह्या बेल्टची ताकद वरच्या रबरात नसतेच. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, ओढ ते घेतात, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. चेन सैल झाली की सकाळी स्टार्ट मारताना खडखडते, शेजाऱ्यालाही कळतं. बेल्ट बहुतेक वेळा काही न सांगता जातो.

आणि गेला की काय होतं? इंजिन बंद पडतं एवढंच असतं, तर मी इतकं लिहिलं नसतं. तुमच्या इंजिनात वर आलेला पिस्टन आणि खाली उघडलेला व्हॉल्व्ह ही दोघं एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ती वेळ सांभाळणं एवढंच बेल्टचं काम. क्रँक म्हणजे पिस्टनला जोडलेला खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. तीन हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडून मिटतो. अशा वेळी बेल्ट तुटला किंवा त्याचे दात सोलले, की कॅम थांबतो आणि क्रँक चाकांच्या जोरानं फिरतच राहतो. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टन येऊन वाकवतो. मग इंजिनाचं हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, व्हॉल्व्हच्या सीट घासा, हेड गॅस्केट नवी घाला. ह्या वयाच्या आय-टेनला एवढा खर्च करायचा का, हा विचार तेव्हा खाटेवर बसून करावा लागतो.

हे चोर्ल्याच्या उतारावर झालं तर आणखी एक गोष्ट. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो. ब्रेक लागतो, पण पाय पूर्ण जोर लावून दाबावा लागतो. कणकुंबीच्या पुढं पावसात, धुक्यात, मोबाइलला रेंज नाही अशा ठिकाणी हे पहिल्यांदा शिकायला नको. म्हणून बेल्ट बदलेपर्यंत घाट बंद. बहिणीकडे जायचंच झालं तर बसनं जा.

आता पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली, तिच्याकडे येतो. ‘दिवाळीत सेट आणून ठेवला आहे.’ आता मे चाललाय. म्हणजे एवढे महिने बेल्ट कपाटात आहे आणि गाडी जुन्यावर पळते आहे. का? तर ‘मी स्वतः करणार आहे’ म्हणून. मेस्त्रीकडे देणार असता तर दिवाळीनंतरच्या आठवड्यात काम संपलं असतं.

मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. हाताला काम येणाऱ्या माणसाच्या घरातच हे जास्त होतं. ज्याला काही येत नाही तो फोन करतो, गाडी सोडतो, संध्याकाळी पैसे देऊन घेऊन येतो. ज्याला येतं त्याला नीट करायचं असतं. मग एक रविवार लग्नात जातो, एक शेतात जातो, एकदा बावीसची गोटी (सॉकेट) मिळत नाही, एकदा पाहुणे येतात. कामाची भीती नसतेच, पण थोडी धाकधूक असते, आणि ती धाकधूक ‘पुढच्या रविवारी’ ह्या दोन शब्दांत छान लपते. तुम्ही मला विचारलंय, स्वतः करू की मेस्त्रीकडून करून घेऊ. माझ्या लेखी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, कधी? मृग लागायच्या आत काम झालं पाहिजे. तारीख कॅलेंडरवर लिहा, बायकोसमोर लिहा. त्या तारखेला तुमच्या हातून नाही झालं, तर सोमवारी सकाळी गाडी मेस्त्रीच्या दारात. मधे तिसरा पर्याय ठेवू नका.

आता तुमच्या हातांबद्दल. व्हीएमसीवर काम करणारा माणूस ह्या कामाला बऱ्याच गॅरेजवाल्यांपेक्षा लायक असतो, हे मी मनापासून लिहितो. बारीक फरक मोजणारी डायल लावल्याशिवाय जॉबवर, म्हणजे मशीनवरच्या वस्तूवर, विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तुमच्या हाडात मुरलेली आहे. टायमिंग बेल्टच्या कामात ताकद थोडी लागते, चलाखी त्याहून कमी. लागते ती हीच, पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय. बेल्ट काढणं आणि घालणं ह्यात अवघड असं काही नाही. बरोबर बसला की नाही, हे स्टार्ट मारायच्या आधी ओळखणं, हे खरं काम. ब्रेक पॅड चुकला तर आवाज येतो, परत उघडता येतो. इथं चुकलेलं स्टार्टरच्या पहिल्या फेऱ्यात कळतं, आणि तोवर व्हॉल्व्ह वाकलेले असतात.

तेव्हा तपासणीचं जरा सविस्तर सांगतो. स्वतः करा किंवा मेस्त्रीजवळ उभं राहून बघा, दोन्हीला हेच लागतं.

दोन खुणा जुळवायच्या असतात. कॅमच्या पुलीवरची खूण वर हेडच्या बाजूच्या खुणेशी, आणि क्रँकच्या दातेरी चक्रावरची खूण खाली ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेशी. नेमकी कुठली खूण, हे तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या चित्रावरूनच ठरवा, दुसऱ्या इंजिनाच्या व्हिडिओवरून नको. इथं लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे क्रँकच्या बाहेरच्या पुलीवर एक खाच असते आणि कव्हरवर अंशांचे आकडे असतात. ती खाच जवळपास आणून ठेवायला चांगली, पण शेवटचा निकाल आतल्या चक्राच्या खुणेवरच लावायचा. दुसरं, क्रँकची खूण प्रत्येक फेऱ्यात जुळते आणि कॅमची मात्र क्रँकच्या दर दुसऱ्या फेऱ्यात. क्रँकची जुळली आणि कॅमची अगदी उलट दिशेला दिसली तर घाबरायचं नाही, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवायचा. फिरवायचा तो नेहमी इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, आणि क्रँकच्याच बोल्टवरून. कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवू नका.

दोन्ही खुणा जुळल्या की फोटो काढा. समोरून, तिरका नको; तिरक्या नजरेनं अर्धा दात इकडं-तिकडं दिसतो. तुमच्याकडं जॉबवर असं होत नाही काय? तसंच. बरेच जण जुन्या बेल्टवर आणि पुलींवर व्हाइटनरचे ठिपके मारतात, मग दात मोजून ते नव्या बेल्टवर उतरवतात. ठिपके मारा, मदत होते. पण ठिपका फक्त आधी जसं होतं तसं परत बसवतो. आधीच्या कुणी एक दात चुकवून बसवलेला असेल, तर तुम्ही तो चुकलेला दात इमानदारीनं परत बसवाल. तुमच्या गाडीचा इतिहास कुणालाच माहीत नाही, तेव्हा ठिपक्यापेक्षा कारखान्याच्या खुणेवर भरवसा.

एक दात चुकणं म्हणजे क्रँकवर साधारण पंधरा-वीस अंशांचा फरक. तेवढ्यानं व्हॉल्व्ह दर वेळी वाकतीलच असं नाही. गाडी सुरूही होईल. पण आयडलला (उभ्या गाडीत इंजिन चालू असताना) थरथरेल, चढाला दम खाईल, पेट्रोल जास्त पिईल, चेक इंजिनचा दिवा लागू शकेल. मग माणूस प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, पेट्रोलपंपाला शिव्या देतो.

बेल्ट चढवताना टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवायची. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. टेन्शनरला स्प्रिंग असेल तर ताण स्प्रिंगला देऊ द्या, पान्यानं रेटून गिटारीच्या तारेसारखा ताणू नका. जास्त ताणलेला बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो आणि बेअरिंग खातो. नवा बेल्ट घडी घालून खिशात, उलटा पिळून डब्यात, असं काही करायचं नाही. आतले काचेचे दोर तीव्र घडीला मोडतात. तुमचा सेट दिवाळीपासून कपाटात आहे म्हणता. खोक्यातच सपाट पडून आहे ना? वर काही जड ठेवलेलं नाही ना? बघून घ्या. बेल्टवर दिशेचा बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला.

आणि आता प्लगचं, कारण त्याचं उत्तर इथंच आहे. नवे घालायचे की नाही हे जुने बघून ठरवा, त्याचा बेल्टशी काही संबंध नाही. पण काम सुरू करताना चारही प्लग काढून ठेवा. प्लग काढले की सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही आणि क्रँक हातानं सहज, एकसारखा फिरतो. प्लग आत असताना दर अर्ध्या फेऱ्याला कॉम्प्रेशनचा फुगीर विरोध लागतो, हळूहळू सुटतो, आणि नवख्या हाताला तो विरोध आणि लोखंडाचा अडथळा ह्यातला फरक कळत नाही. प्लग काढलेले असले की फरक कळायलाच लागत नाही, कारण अडायचं काही कारणच उरलेलं नसतं. नवा बेल्ट चढला, टेन्शनर बसला, की लांब पाना घेऊन क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे हळू फिरवायचा. कुठंही ‘टक्’ करून अडला, तर हात तिथंच थांबला पाहिजे. पिस्टन व्हॉल्व्हला टेकलाय. जोर लावू नका, उलट थोडं मागं घ्या, आणि खुणा पहिल्यापासून. दोन फेरे झाले की खुणा परत जुळल्या पाहिजेत. जुळल्या? अजून दोन फेरे. परत जुळल्या? मग टेन्शनरचे बोल्ट शेवटचे आवळायचे आणि पुढचं काम. ही दहा मिनिटं जो वाचवतो त्याच्याकडं गाडी देऊ नका, तो तुम्ही स्वतः असलात तरी.

क्रँकच्या मोठ्या बोल्टबद्दल. तो शंभर न्यूटन मीटरच्या वर आवळलेला असतो आणि इतक्या वर्षांत गंजून बसलेला असतो. घरी काम अडतं ते बहुधा इथंच. व्हिडिओत एक युक्ती दाखवतात: पाना बोल्टला लावून जमिनीला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा. ही युक्ती करणाऱ्यांचे हात अजून जागेवर आहेत हे त्यांचं नशीब. पाना सुटला तर फॅन, रेडिएटर किंवा तुमचं मनगट, ह्यापैकी काहीतरी एक जातं. गॅरेजात बोल्ट सोडायच्या गननं तो पाच सेकंदांत सुटतो. मात्र परत आवळताना गननं ‘बसला’ असं म्हणून सोडू नका, टॉर्क रेंच (आवळायचा जोर मोजणारा पाना) लावायचा. तो तुमच्या शॉपमध्ये असेलच, सुपरवायझरला सांगून शनिवारी घेऊन या. आणि मोठा रेंच टेन्शनरच्या बारक्या बोल्टला लावू नका. तिथला टॉर्क इतका कमी असतो की मोठ्या रेंचला तो नीट मोजता येत नाही, आणि आटे गेले की वेगळंच दुखणं.

आता जागा. तुम्ही जांबोटी भागातले. अंगण तांबड्या मातीचं असणार, फार तर शहाबादी किंवा कोबा थोडासा पुढं. ह्या कामाला उजवं पुढचं चाक काढावं लागतं, आणि त्या बाजूचं इंजिनाचं फाउंडेशनही (इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग) सोडवावं लागतं. म्हणजे गाडीचा भार एका ठिकाणी आणि इंजिनाचा भार दुसऱ्या ठिकाणी, दोन जॅक. इंजिनाखालच्या जॅकवर लाकडाची फळी ठेवायची, नाहीतर ऑइल पॅन चेपतो. मऊ मातीत जॅक तासाभरात बोटभर खाली जातो. आणि आपल्या भागातली खास सवय, गाडीखाली जांभ्याचा चिरा लावणं. कृपा करून लावू नका. चिरा भिंतीत बरा, गाडीखाली नाही. वरून पक्का दिसतो, आत भोकं असतात, आणि एका कडेवर भार आला की न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड घ्या, त्याखाली जाड फळी. स्टँड मिळत नसेल तर काम घरी करायचं नाही, ह्या बाबतीत माझ्याकडं दुसरं मत नाही.

एवढं सगळं धरून माझं मत सांगतो. ह्या वेळी मेस्त्रीकडे करून घ्या. तुमच्या हाताला येत नाही म्हणून नव्हे. घरात गाडी एकच, आईंचा दवाखाना ठरलेल्या दिवशी, पाऊस तोंडावर, आणि तुम्ही हे इंजिन पहिल्यांदा उघडणार. पहिल्यांदा उघडताना काहीतरी अडतंच: सील गळताना दिसतं, बोल्ट तुटतो, फाउंडेशनचं रबर गेलेलं निघतं. गॅरेजात अडलं तर मुलगा सायकलवर जाऊन पार्ट आणतो. जांबोटीत रविवारी दुपारी अडलं तर गाडी अर्धी उघडी, रात्री पावसाची सर, आणि सोमवारी तुमची पहिली पाळी. घाईनं जुळवलेल्या खुणा ह्याच वेळच्या असतात. तुमच्या घरच्यांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त त्याचं उत्तर ‘इंजिनाला हात लावू नका’ असं नाही.

मेस्त्रीकडे देताना ‘बेल्ट बदला’ एवढंच म्हणून चावी ठेवून येऊ नका. आधी जाऊन बोला. सकाळी पहिली गाडी माझी घ्या, संध्याकाळी दिवा लावून नको, असं सांगा. मी बाजूला उभा राहणार, पाना पकडायचा तर पकडीन, बोलणार नाही, पण जुना बेल्ट काढायच्या आधी खुणा मला दाखवा आणि नवा घालून दोन फेरे फिरवल्यावर परत दाखवा, असंही सांगा. चांगला मेस्त्री ह्याला हसून हो म्हणतो, त्याला दाखवायला आवडतं. ‘खुणा कसल्या, माझ्या हातानं शंभर झालेत’ म्हणून जो उखडतो, तिथनं चहा पिऊन नमस्कार करून निघा. मराठी बोलणारा असो, कन्नड बोलणारा असो, उर्दू बोलणारा असो, ह्या एका प्रश्नावर माणूस कळतो.

सेट तुमचा असला तर मेस्त्री विचारील, कुठनं आणला. प्रश्न बरोबर आहे. ह्या पार्टमध्ये डुप्लिकेट माल खूप फिरतो, खोकंसुद्धा हुबेहूब असतं. बिल आहे काय? पार्ट नंबर चासी नंबरवरून जुळवलेला आहे काय? दोन्ही असेल तर तोच घाला. बिल नसेल, आणि दुकानदारानं ‘कंपनीचाच आहे, पण बिल कशाला’ असं म्हटलं असेल, तर ते पैसे गेले असं समजून अधिकृत पार्टवाल्याकडून दुसरा घ्या. फक्त बेल्ट बदलून जुनं टेन्शनर ठेवू नका, बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. कव्हर उघडलेलंच आहे तर क्रँक आणि कॅमची पुढची ऑइल सील बघून घ्या. ओलसर दिसली तर त्याच वेळी बदला, कारण तेल लागलेला बेल्ट लवकर संपतो. वॉटर पंपातून कूलंटचा पाझर किंवा बेअरिंगचा आवाज असेल तर त्याचाही निकाल त्याच दिवशी लावा. बाहेरचे पट्टे काढलेलेच असतात, तडे असतील तर नवे घाला. ह्या सगळ्याचा पार्टचा खर्च वाढेल, मजुरी फारशी वाढणार नाही. बोलतानाच ठरवून घ्या.

पैशांचं एवढंच: मजुरीचे अडीच हजार वाचवायला तुम्ही स्टँड, मोठी गोटी, लांब पाना घेणार, तर पहिल्या वेळी वाचत काहीच नाही. हत्यारं पुढं उपयोगी पडतील म्हणाल, तर पडतील. पण तो हत्यारांचा हिशेब झाला, बेल्टचा नव्हे.

आणि हे वाचूनही तुम्ही स्वतःच करणार असाल, आणि पत्रावरून मला तशी शंका आहे, तर रविवार नको, दोन दिवस सुट्टी लागून आहे अशी वेळ बघा. आईंच्या दवाखान्याची तारीख नुकती होऊन गेलेली असू दे, म्हणजे पुढं दोन आठवडे मोकळे मिळतात. बरोबर एक माणूस हवा, इंजिन फिरवताना खुणेवर डोळा ठेवायला. तुमच्या शॉपमधला मित्र चालेल, मामा नकोत. सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. बेल्ट काढलेला असताना क्रँक किंवा कॅम कुणी फिरवायचा नाही, ‘बघू जरा’ म्हणूनसुद्धा नाही. आणि ओळखीच्या मेस्त्रींना आदल्या दिवशी फोन करून ठेवा: उद्या मी उघडतोय, अडलो तर संध्याकाळी येऊन खुणा बघून जाल काय, तेवढे पैसे देतो. शंभरातले नव्वद मेस्त्री येतील, आणि उरलेले दहा फोनवर तरी सांगतील.

काम झालं की, कुणीही केलं तरी, तारीख आणि मीटरचा आकडा मार्करनं कव्हरवर लिहा आणि त्याचा फोटो आरसीच्या फोटोजवळ ठेवा. जुना बेल्ट मागून घ्या. आतल्या बाजूनं उलटा वाकवून बघा, दातांच्या मुळाशी बारीक तडे आहेत का ते दिसेल. असतील तर मामांना दाखवा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेळगाव-खानापूर-जांबोटी एवढ्यातच फिरवा. कव्हरच्या बाजूनं शिट्टी, घासल्याचा आवाज किंवा तेलाचा ओलावा नाही ना, ते बघा. काही नसेल तर चोर्ला मोकळा. पण पावसात तो घाट करताना टायर आणि वायपरचं काय आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही.